तीन ड्रम, एक कडप्प्याचा ओटा: कोथरूडच्या एका सोसायटीत केलेल्या एन्झाइम क्लीनरचं प्रकरण

सोसायटी कोथरूडमधली, ३२ घरांची, १९८०च्या दशकात बांधलेली. जिन्यात आणि लॉबीत मोझॅक टाइल्स, पार्किंगला शहाबादी फरशी, बऱ्याच घरांत अजून मूळचा कडप्प्याचा ओटा. प्यायला महापालिकेचं पाणी, वापरायला बोअरचं. इमारतीमागे गांडूळ खताचा हौद. एवढं सगळं आधीच सांगायचं कारण, पुढे जे साधलं आणि जे बिघडलं, ते दोन्ही याच गोष्टींमुळे.

प्रश्न सुरू झाला गांडुळांपासून. मिळकतकरात सवलत मिळते म्हणून हौद बरीच वर्षं नीट सांभाळलेला. पण हिवाळ्यात संत्री-मोसंबीच्या साली वाढल्या की गांडुळं हौदाच्या कोपऱ्यात गोळा व्हायची. या सालींचं तेल आणि आंबटपणा त्यांना सोसत नाही. दुसरीकडे बोअरच्या पाण्याने संडासांत पिवळट थर धरायचा आणि सफाईला येणाऱ्या मावशी तो काढायला संडासचं ॲसिड वापरायच्या. त्या वाफांनी त्यांना खोकला यायचा आणि ॲसिडने फरश्यांमधलं सिमेंट निघायचं. नको असलेल्या साली एकीकडे, हवं असलेलं सौम्य आम्ल दुसरीकडे. एन्झाइम क्लीनर, म्हणजे फळांच्या साली गूळ-पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी, करून पाहावा, हे मीटिंगमध्ये ठरलं ते यातून. कारण रास्त होतं.

माप

गूळ १ भाग, साली ३ भाग, पाणी १० भाग, तिन्ही वजनाने. हे प्रमाण सगळीकडे फिरतं आणि बरोबर आहे. ५० लिटरच्या ड्रमला ३ किलो गूळ, ९ किलो साली, ३० लिटर पाणी. सगळं मिळून साधारण ४१ लिटर होतं आणि वर ९ लिटर जागा रिकामी राहते. ती राहिलीच पाहिजे.

गूळ काळपट, मऊसर घ्यावा. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस नावाचं रसायन घालून उजळवलेला असतो आणि त्यातला गंधकाचा अंश आंबण्याला मागे ओढतो. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. साली ताज्या, बोटाएवढे तुकडे केलेल्या. मोसंबी, संत्रं, पिळलेलं लिंबू उत्तम. अननसाची सालं चालतात. डाळिंबाची घातली तर रंग इतका गडद येतो की पांढऱ्या टाइल्सवर डाग राहतात. ड्रम खाद्यतेलाचा, जाड प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा. काच नको, लोखंड नको, रंगाचा डबा तर नकोच.

आधी गूळ पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग साली सोडायच्या. खडा तसाच टाकला तर तो तळाशी बसून राहतो, वरच्या पाण्यात साखर नसते आणि वरच्या साली तेवढ्यात कुजायला लागतात.

आत काय होतं ते समजून घेतलं तर पुढचे सगळे घोटाळे समजतात. सालींवरचं यीस्ट गुळातली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. सोबत लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू वाढतात. नंतर हवा मिळेल तसं दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. सालींमधून सायट्रिक ॲसिड आणि लिमोनीन नावाचं तेल उतरतं. एन्झाइम्स असतात, पण थोडी. सफाई करतं ते मुख्यतः आम्ल, आणि चिकटपणा सुटायला लिमोनीनची मदत होते. थोडक्यात, नाव एन्झाइम असलं तरी हाती येतं ते घरगुती, पातळ, वासाचं व्हिनेगर. सोसायटीतल्या पुढच्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळे झाल्या. या द्रवातून ओझोन तयार होतो, असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड.

पहिला ड्रम

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. साली चार दिवसांत ३२ घरांतून गोळा केल्या. एका काकूंनी स्वतः निवडून, वजन करून टाकल्या. साली तरंगू नयेत म्हणून पाणी भरून गाठ मारलेली जाड प्लास्टिकची पिशवी वर ठेवली. पहिले दोन आठवडे रोज सकाळी झाकण सैल करून वाफ सोडायची, साली खाली दाबायच्या, झाकण परत लावायचं. नंतर दोन-तीन दिवसांआड. दीड महिन्यानंतर झाकण नुसतं टेकवून ठेवलं, कारण ॲसेटिक ॲसिडच्या टप्प्याला हवा लागते.

पुण्याच्या डिसेंबरात पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर येतो, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस काहीच हालचाल नव्हती. यीस्ट मेलं असं समजून दोघांनी आणखी गूळ टाकायला सांगितलं. टाकला नाही, हे बरं झालं. ड्रमला गोणपाट गुंडाळून तो गच्चीच्या जिन्याखालच्या बंद खोलीत हलवला आणि सहाव्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे धरले. एप्रिलमध्ये हेच काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

तिसऱ्या आठवड्यात वर पांढरी, सुरकुतलेली साय आली. ती बुरशी नव्हे. रानटी यीस्टची पातळ साय सपाट आणि पांढरी असते, चमच्याने उचलून टाकायची. केसाळ, हिरवी किंवा काळी दिसली तर बुरशी समजायची. तिने धरलेल्या साली काढून टाकायच्या आणि बाकीच्या पाण्याखाली जातायत का ते बघायचं. शेवटी शेवटी जाडसर, जेलीसारखा तवंग आला तर तो व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी विणलेला असतो, चांगलं लक्षण.

दुसरा ड्रम

आठवड्याभराने लागला. या वेळी साली निवडायला कोणी नव्हतं. जिन्यात बादली ठेवून वर ‘ओल्या साली’ असा कागद लावला होता. ओला कचरा म्हटला की लोक ओला कचरा टाकतात. कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि अंड्यांची टरफलं. महिन्याभराने ड्रम उघडला तेव्हा जिन्यापर्यंत घाण वास आला, पृष्ठभागावर चिलटं होती आणि आंबटपणा दाखवणाऱ्या पीएचच्या पट्टीने ५.५ दाखवला (आकडा जितका कमी, तितकं आंबट). त्याच वयाचा पहिला ड्रम तेव्हा ४च्या खाली होता.

गुन्हेगार टरफलं. गाळून मोजली तेव्हा ४० निघाली. एक टरफल साडेपाच ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. ४० टरफलांचे सव्वादोनशे ग्रॅम धरले तर ते अडीचशे ग्रॅमहून जास्त ॲसेटिक ॲसिड मारू शकतात. म्हणजे ड्रम आम्ल करत होता आणि टरफलं ते खात होती. आंबटपणा येत नाही तोवर कुजवणाऱ्या जिवाणूंना मोकळं रान असतं, वास त्यांचा. बागेला कॅल्शियम मिळेल म्हणून टरफलं घालायचा सल्ला कोणी देत असेल तर तो खतासाठी ठीक आहे. क्लीनरच्या ड्रममध्ये एकही टरफल नको. शिजलेलं अन्न, तेलकट काही, दूध-दही यांचंही तेच.

हा ड्रम फेकायचा की वाचवायचा? अळ्या किंवा काळी बुरशी असती तर कोरड्या पानांत मिसळून खड्ड्यात घालणं, हेच योग्य होतं. इथे ते नव्हतं. सगळं पंच्यातून गाळलं, टरफलं आणि कांदा वेगळा केला, फळांच्या साली परत घातल्या, ३०० ग्रॅम गूळ आणि पहिल्या ड्रममधलं ३ लिटर आंबट पाणी ओतलं. दहा आठवड्यांनी पीएच ४वर आला, वास निवळला. तरी ते पाणी ओट्यावर किंवा भांड्यांना वापरायचं नाही, फक्त संडास आणि मोरीची जाळी, असं ठरलं. आम्हीही तेच सांगितलं असतं.

तिसरा ड्रम

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागला आणि लगेच सुट्ट्या आल्या. चिलटं जातील म्हणून वॉचमनकाकांनी झाकणाचा आटा गच्च आवळला आणि चार दिवस कोणी खोलीकडे फिरकलं नाही. पाचव्या दिवशी ड्रमच्या बाजू फुगून गोल झाल्या होत्या, तळ उचलला जाऊन ड्रम डुगडुगत होता. झाकण अर्ध्या आट्यावर आलं तेव्हा ते उडालं, भिंतीवर आदळलं आणि साली छताला चिकटल्या. काका बाजूला वाकून उघडत होते म्हणून तोंड वाचलं.

हिशोब पाहिला तर आश्चर्य नाही. ३ किलो गुळात साधारण २.४ किलो साखर. ती पूर्ण आंबली तर सव्वा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सहाशे लिटरहून जास्त वायू. वर जागा ९ लिटरची. बहुतेक वायू पहिल्या पंधरा दिवसांतच निघतो. लिटरभराच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत एन्झाइम लावलं तरी हेच होतं, फक्त आकडे लहान.

उपाय ४० रुपयांचा निघाला. झाकणाला ८ मिलिमीटरचं भोक, त्यात गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, भोवती एमसील. पाइपचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत दोन बोटं बुडवलेलं, बाटलीचं तोंड उघडं. वायू बुडबुड्यांनी निघून जातो, चिलटं आत येत नाहीत, रोज उघडायची कटकट संपते. पाइपचं आतलं टोक मात्र द्रवाच्या वर राहील असं बघावं. साल अडकली की पुन्हा तोच प्रसंग. दीड महिन्यानंतर पाइप काढून भोकावर सुती फडकं बांधायचं.

तयार झालं हे कसं ओळखायचं

९० दिवस झाले म्हणून तयार झालं, असं नाही. तीन गोष्टी बघायच्या: बुडबुडे थांबलेले, साली तळाशी बसलेल्या, पीएच ३.५च्या आसपास. पीएचने आम्ल आहे हे कळतं, किती आहे ते कळत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला खायचा सोडा आणि दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. गाळलेलं १०० मिली पाणी मोठ्या भांड्यात घ्या, चिमटीचिमटीने सोडा घालून ढवळत राहा, नव्या चिमटीने फेस यायचा थांबला की किती ग्रॅम गेला ते बघा. १.४ ग्रॅम सोडा म्हणजे साधारण १ टक्का ॲसेटिक ॲसिड. बाजारातल्या ४ टक्क्यांच्या व्हिनेगरला साडेपाच ग्रॅमच्या जवळपास लागतो.

पहिल्या ड्रमला २.१ ग्रॅम लागला, म्हणजे दीड टक्का. तिसऱ्याला १.९. दुसऱ्याला जेमतेम ०.७, म्हणजे अर्धा टक्का. या प्रमाणातला गूळ पूर्ण वापरला गेला तरी कागदावर ४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. घरी एक ते दोन टक्के मिळालं तर चांगलं मानावं. हे दोन मिनिटांचं माप प्रत्येक ड्रमला घ्यावं, कारण पुढे किती पाणी घालायचं ते यावरच ठरतं.

वापरात काय झालं

संडासात अपेक्षेपेक्षा चांगलं. रात्री २०० मिली, पाणी न घालता, कडेने ओतायचं आणि सकाळी ब्रशने घासायचं. बोअरच्या क्षारांचा पिवळा थर पाच-सहा रात्रींत सुटला. जुना, दगडासारखा झालेला मात्र नाही. लघवीचा वास त्याच दिवशी कमी झाला, कारण तो अमोनियाचा आणि अमोनिया आम्लात बांधला जातो. नळांवरच्या पांढऱ्या डागांना अर्धं पाणी, अर्धं एन्झाइम असं फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळायचं, मग पाण्याने धुवायचं. स्टीलवर ठीक. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याच्या नळांवर नको.

भांड्यांसाठी नुसतं एन्झाइम अपुरं पडतं. तेल धरून ठेवणारा फेस त्यात नाही. ५० ग्रॅम रिठ्याची टरफलं अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळून, कोळून, गाळून तेवढंच एन्झाइम मिसळलं तर रोजची भांडी निघतात. जळकी कढई निघत नाही. हे मिश्रण आठवड्यात संपवायचं, रिठ्याचं पाणी नासतं.

फरशीत मात्र घोळ झाला, तोही दोन उलट्या बाजूंनी. काही घरांनी बादलीत टोपणभर टाकलं आणि काहीच फरक नाही अशी तक्रार केली. बोअरच्या पाण्यात ते होणारच. त्या जड पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, लिटरला ३०० मिलिग्रॅम धरली तर ५ लिटरची बादली १.८ ग्रॅम आम्ल गिळते, आणि टोपणांनी ५० मिली टाकलं तरी त्यातून येतं पाऊण ग्रॅम. म्हणजे आम्ल बादलीतच संपतं, फरशीवर जातं ते वासाचं पाणी. खडकवासल्याचं पाणी मृदू आहे, त्यात एवढंच एन्झाइम थोडं तरी उरतं.

हे ऐकून लॉबीसाठी मात्रा दहापट केली गेली. बादलीला अर्धा लिटर, रोज, दोन आठवडे. लॉबी छान वासाची झाली आणि मोझॅकची चमक गेली. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची चिप. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. टरफलं जशी ड्रममध्ये आम्ल खात होती, तशीच ही फरशी खाते, आणि खाताना स्वतः झिजते. एका घरात कडप्प्याच्या ओट्यावर भिजलेलं फडकं रात्रभर राहिलं. सकाळी त्या जागी फडक्याच्या घडीसकट राखाडी, खरखरीत चौकोन उमटला होता. हात फिरवला की कडा लागायची. तेल लावून तो आठवडाभर झाकला गेला, मग परत उघडा पडला. तो डाग नव्हताच, दगडाचा वरचा पापुद्रा गेला होता. मशीनने पॉलिश करण्याशिवाय त्याला इलाज नाही, आणि लॉबीलाही शेवटी तेच करावं लागलं. त्या खर्चात पुढच्या बऱ्याच वर्षांचा गूळ आला असता.

ओटा किंवा फरशी कशाची आहे ते माहीत नसेल तर गॅसच्या टाकीमागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसायचा. निस्तेज ठिपका राहिला तर तिथे एन्झाइम कधीच नाही, कितीही पातळ केलं तरी. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स टिकतात. त्यांच्यासाठी महापालिकेच्या ५ लिटर पाण्यात १०० मिली पुरे.

आणखी एक गोष्ट या सोसायटीत थोडक्यात टळली, तरी लिहिलीच पाहिजे. एका मावशींनी संडासात ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि वर एन्झाइम ओतायला बाटली उघडली होती. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, छोट्या बंद संडासात तो जीवावर बेतू शकतो. ज्या दिवशी ब्लीच, त्या दिवशी एन्झाइम नाही, आणि दोन्हींच्या बाटल्या एका फळीवर नाहीत. घरात उलट्या-जुलाबाचं आजारपण असेल तर तिथे ब्लीचच हवं. एन्झाइम जंतुनाशक नाही. ते घाण आणि क्षार काढतं, रोगजंतूंची हमी देत नाही. खायचा सोडा आणि एन्झाइम एकत्र करून फेस काढण्यालाही अर्थ नाही. दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं खारट पाणी.

हिशोब आणि पुढची घडी

तीन ड्रमना ९ किलो गूळ लागला, वर दुसऱ्या ड्रमचे ३०० ग्रॅम. किलोला ६० रुपयांनी साडेपाचशे रुपयांच्या आसपास. गाळून ९५ लिटर मिळालं, म्हणजे लिटरला सहा रुपये. संडासचं ॲसिड आणणं बंद झालं, तेवढ्याने पैसे सुटले. पण ३ किलो साली मार्गी लावायला १ किलो गूळ, हे प्रमाण ध्यानात ठेवावं. गूळ खायची वस्तू आहे. कचरा जिरवायचा उपाय म्हणून हे महाग आहे, तिथे खताचा हौदच बरा. हौदाला न चालणाऱ्या आंबट साली तेवढ्या इकडे, आणि संडास-नळांना लागेल तेवढंच करायचं. सोसायटीने आता तीनऐवजी एकाच ड्रमवर काम आणलंय, आणि ते आम्हाला पटतं.

गाळून उरलेला चोथा फेकला नाही. अर्धा पुढच्या ड्रमला विरजण म्हणून गेला, उरलेला कोरड्या पानांत पसरून महिनाभर ठेवला आणि आंबटपणा गेल्यावर हौदात थोडाथोडा टाकला. विरजण घातलं की उन्हाळ्यात तीन महिन्यांचं काम पाच-सहा आठवड्यांत होतं.

बाटल्या भरताना टोपण पहिला महिना सैल ठेवायचं, आतमध्ये थोडं आंबणं चालूच असतं. प्रत्येक बाटलीवर तीन ओळी चिकटवल्या आहेत: गाळल्याची तारीख, सोड्याचे ग्रॅम, आणि ‘कडप्पा, मोझॅक, शहाबादी, संगमरवर यांना नाही’. पाण्याच्या जुन्या बाटल्या मुद्दाम टाळल्या, लहान मूल सरबत समजून तोंडाला लावील म्हणून. पातळ केलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं.

पुढचा ड्रम पावसाळ्याच्या शेवटी, मोसंबी स्वस्त झाली की. तोवर ३ लिटर आंबट पाणी पाइप लावलेल्या कॅनमध्ये जिवंत ठेवलंय. महिन्याला ५० ग्रॅम गूळ आणि एका मोसंबीची साल, एवढं त्याला लागतं. कॅन त्याच जिन्याखालच्या खोलीत आहे आणि आठवड्यातून एकदा बुडबुडे बघायचं काम वॉचमनकाकांनी आपणहून घेतलंय.